मांडवात वाजणाऱ्या गिटारला कोणता पिकअप?

बाबू, तुझा प्रश्न थोडक्यात असा. तुझ्याकडे यामाहाची पॅसिफिका ०१२ आहे, म्हणजे तारांखाली आवाज पकडणारे तीन पिकअप: ब्रिजला (तारांचं टोक अडकतं तिकडे) एक हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि मध्ये व नेकला (गळ्याकडे) एकेरी, म्हणजे सिंगल कॉइल. दिवाळीनंतर मंडई (गावोगावची जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत गडचिरोलीतल्या वडशाकडच्या नाटकांत वाजवतोस, एप्रिलमध्ये भीमगीतांचे कार्यक्रम करतोस, आणि उरलेल्या दिवसांत दोघा-तिघा मित्रांबरोबर मेटल. मांडवात गिटार घूंऽऽ करते, आवाज दबलेला येतो, सोलो वर येत नाही. थोडे पैसे जमवलेस आणि व्हिडिओ बघून एका जबर आउटपुटच्या, सिरॅमिक चुंबकाच्या हमबकरवर मन बसलंय. घेऊ का, म्हणतोस.

नको घेऊ. निदान आत्ता तरी नको.

मी पंचवीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात आणि झाडीपट्टीच्या (आपल्या पूर्व विदर्भाच्या) नाटकांत वाजवतो, आणि दिवसा आमच्या बाजारगल्लीत गिटारी दुरुस्त करतो. 'पिकअप बदलून द्या' म्हणत येणाऱ्या दहा पोरांपैकी सहा-सात जणांना मी जुन्याच पिकअपवर परत पाठवतो. माझा धंदा बुडतो त्यात, पण खरं ते खरं.

आधी सांग, तुझी वायर जाते कुठे? तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखतो. गिटारमधून निघाली ती सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. नाटकाच्या मांडवात गिटारचा वेगळा अँप ठेवायला जागा कुठे आहे? ऑर्गनवाला, ऑक्टोपॅडवाला, तबला, मध्ये तू, आणि पायाशी पेटीची खोकी. दबलेल्या आवाजाचं मूळ इथेच आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) पद्धतीच्या सिंगल कॉइलला साधारण साडेसात-आठ हजार वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. ही वीज फार नाजूक असते. गिटारच्या अँपचं इनपुट तिच्याकडून जवळजवळ काहीच ओढत नाही, ते साधारण दहा लाख ओमचं असतं. मिक्सरचं लाइन इनपुट दहा-वीस हजार ओमचं. अर्ध्या एचपीच्या मोटरवर चार एकर ओलवायला काढलं तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचेल का? तसाच इथे वरचा ट्रेबल मरतो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. यावर नवा हमबकर लावलास तर गोधडी फक्त जाड होईल.

उपाय स्वस्त आहे. गिटार आणि मिक्सरच्या मध्ये कोणताही बफरवाला (नाजूक वीज सांभाळून पुढे पाठवणारा) पेडल टाक. ट्यूनर चालेल, साधा प्रोसेसर चालेल, पण त्याला वीज जोडलेली हवी. काही मिक्सरच्या पहिल्या चॅनलवर 'हाय-झी' किंवा 'गिटार' असं बटण असतं, ते दाबायला साउंडवाल्याला सांग. त्याला ते बटण आहे हे माहीत नसतं, तूच वाकून बघ. आणि प्रोसेसरवर डिस्टॉर्शन लावत असशील तर त्यातलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू ठेव. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काढतच नाही. मांडवाचे हॉर्न मात्र सगळं काढतात, म्हणून तुझा मेटलचा आवाज तिथे उकिरड्यावरच्या माशांसारखा घोंगावतो. त्यात पिकअपचा दोष नाही.

आता ती घूं.

पुढच्या कार्यक्रमात मांडवात बसल्यावर, नाटक सुरू व्हायच्या आधी, दोन गोष्टी कर. पाचपदरी स्विच मधल्या सिंगल कॉइलवर ठेव, आवाज वाढव आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिर. एका दिशेला घूं वाढली आणि काटकोनात वळल्यावर कमी झाली, तर ती चुंबकी हम आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. लाइटवाल्याचे डिमर, जाड ट्रान्सफॉर्मर, मागे चालू असलेला जनरेटर, या सगळ्यांचं क्षेत्र हवेत पसरतं आणि सिंगल कॉइल ते इमानदारीने पकडते. यावर हमबकर किंवा नॉइजलेस पिकअप हेच औषध.

दुसरी परीक्षा. तारांवरचा हात पूर्ण काढ, मग तळवा ठेव. हात ठेवल्यावर आवाज गप्प झाला, तर तो वेगळा रोग आहे. तुझं शरीर अँटेना झालं आहे आणि गिटारच्या पोटात शील्डिंग (बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं अस्तर) नाही. स्वस्त गिटारीत बहुतेक वेळा नसतंच. पिकगार्ड उघडून आतल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लाव, पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांना विजेने जोडलेले आहेत का ते मल्टिमीटरने तपास, आणि एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या गोल भागाच्या) पाठीला सोल्डर कर. शे-दोनशे रुपयांत निम्मा गोंगाट जातो.

आणि तारांना हात लावून माइकजवळ तोंड नेल्यावर ओठाला झिणझिणी येत असेल, तर वाजवणं थांबव आणि अर्थिंग तपासायला लाव. खेड्यात जनरेटरवर चाललेल्या मांडवात अर्थिंगचा खिळा कधी कधी नुसता जमिनीवर ठेवलेला असतो, ठोकलेला नसतो. घूं कमी व्हावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे बहाद्दर मी पाहिलेत. तसलं काही करू नको गा.

हमबकर घूं कशी मारतो ते समजून घे, पुढे वायरी जोडताना कामी येईल. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या माणसाने दोन कॉइल शेजारी ठेवल्या. दुसऱ्या कॉइलचे वेढे उलटे, म्हणून बाहेरून आलेली घूं एकीत अधिक तर दुसरीत वजा, दोन्ही मिळून शून्य. पण मग तारेचा सूरही शून्य व्हायला हवा ना? म्हणून त्याने दुसऱ्या कॉइलखालचा चुंबकाचा ध्रुवही उलटा केला. सुराचं चिन्ह दोनदा उलटतं, आणि वजा गुणिले वजा म्हणजे अधिक. सातवीचं गणित. तुझ्या गिटारवर मधला पिकअप असा उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा घेतलास, तर स्विचच्या चौथ्या जागेवर, म्हणजे मधला आणि नेकचा मिळून, तुला फुकटात हमबकर मिळतो. दुकानदाराला 'आरडब्ल्यूआरपी मिडल' एवढंच म्हण.

उंचीबद्दल कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त फरक तिथेच आहे. परवा एक पोरगा गिटार घेऊन आला. म्हणे, वरच्या फ्रेटवर जाड तार दोन सूर वाजवते, फ्रेट खराब झाल्या. बघतो तर आवाज वाढावा म्हणून त्याने नेकचा पिकअप तारांना चिकटेस्तोवर वर काढलेला. चुंबक तार ओढून धरतो, तार गोल फिरायच्या ऐवजी लंगडते आणि सूर थरथरतो. स्ट्रॅटवाल्यांचा हा जुना आजार आहे, कारण तिथे तारेखाली थेट चुंबकाच्या कांड्या असतात. दोन स्क्रू चार-चार फेरे खाली केले, गिटार बरी झाली. मी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

माप घ्यायला फीलर गेज कुठून आणशील? एटीएम कार्ड घे, पण उठावाच्या अक्षरांचं नको, सपाट घे. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते, ०.७६ नेमकी. शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धर आणि पिकअपचा लोखंडी खांब व तार यांच्यामध्ये कार्डांची थप्पी सरकव. सिंगल कॉइलला जाड तारेखाली तीन कार्डं, बारीक तारेखाली अडीच धर. अडीच म्हणजे दोन कार्डं घट्ट न बसता थोडी हलली पाहिजेत. ब्रिजच्या हमबकरला बारीक तारेकडे दोन कार्डं चालतात. तिथून पुढे कान सांगेल तसं अर्धा-अर्धा फेरा. स्विच बदलल्यावर आवाज एकदम उडी मारत असेल तर मोठ्या आवाजाचा पिकअप खाली कर, लहान आवाजाचा वर खेचू नको.

एवढं सगळं करून महिनाभर वाजव. तरी समाधान झालं नाही तर पिकअपचं बघू. तेव्हाही पहिला प्रश्न 'कोणती कंपनी' हा नाही. एक काम कर. तुझ्या शेजारच्या ऑक्टोपॅडवाल्याला सांग, की एका रात्रीत माझा स्विच कुठे कुठे असतो त्यावर लक्ष ठेव. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं, एवढ्या वेळात माणसाच्या हाताची खरी सवय उघडी पडते. मी स्वतः हे केलं होतं. मला वाटायचं मी सोलोचा माणूस, ब्रिजचा हमबकर म्हणजे माझा जीव. निघालं असं की रात्रभरात बारा आणे वेळ मी नेक आणि मिडल मिळून, चुकचुक स्ट्रोक वाजवत होतो. त्याआधी तीन हजार रुपये घालून मी ब्रिजचा पिकअप बदलला होता, आणि तो रात्रीतून वाजायचा दहा मिनिटं.

म्हणून ज्या जागेवर तुझी रोजी आहे त्या जागेचा पिकअप आधी निवड.

तुझ्या नाटकांच्या आणि भीमगीतांच्या कामात गिटार ताल धरते. ढोलकीचा खालचा आवाज आहे, ऑर्गनने मधली सगळी जागा भरून ठेवली आहे, वर गायक. तुझ्यासाठी उरतो तो वरचा झणका आणि स्ट्रोकची कडा. तिथे कमी आउटपुटचा, अल्निको ५ चुंबकाचा सिंगल कॉइल चालतो. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू, पुढचा आकडा प्रकाराचा. पाच नंबर खणखणीत, दोन नंबर मवाळ. तुझ्या गिटारमध्ये आहेत तसल्या स्वस्त सिंगल कॉइलमध्ये साधारणपणे पोलादी खांब आणि खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. ते वाईट नसतात, पण जरा जोरात स्ट्रोक मारला की कर्कश होतात आणि हळू मारला की विरून जातात. हाताच्या दाबाप्रमाणे आवाज खाली-वर होणं, ज्याला आम्ही 'हात ऐकतो' म्हणतो, ते चांगल्या अल्निको सिंगल कॉइलमध्ये लगेच कळतं. कव्वालीला साथ करताना गायक आवाज दाबतो तेव्हा तुझाही दबला पाहिजे, व्हॉल्यूमला हात न लावता.

गायकाच्या मागे सूर लावत जाणारा, मींड काढणारा वादक असेल, म्हणजे तारा ओढून गाणं बोलवणारा, तर नेकला अल्निको २ किंवा पी-नव्वद. पी-नव्वद हा गिब्सनचा १९४६ पासूनचा सिंगल कॉइल, रुंद आणि जाड आवाजाचा. मला स्वतःला हा पिकअप सगळ्यांत आवडतो, पण मांडवाच्या डिमरखाली तो बैलासारखा हंबरतो, म्हणून घरीच वाजवतो. आमचे गुरुजी हवाईयन गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी ठेवून. त्यांना मी एकदा सांगितलं की जगातली पहिली यशस्वी विजेची गिटार मांडीवरचीच होती, रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन', १९३२ साली बाजारात आली. ते म्हणाले, मग तुम्ही लोक उभे काऊन राहिले?

राहिलं मेटल. इथेच तुझा सिरॅमिकचा हट्ट आहे आणि तो पूर्ण चुकीचा नाही. तारांचा सूर खाली उतरवून, जाड तारेवर तळवा टेकवून खडखडीत वाजवायचं तर बेस घट्ट हवा, आणि सिरॅमिक चुंबकाचा हमबकर तो देतो. अॅक्टिव्ह पिकअप, म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, आणखी घट्ट आणि शांत. शिवाय त्याचं आउटपुट आधीच बफर झालेलं असल्यामुळे मिक्सरची ती गोधडीची भानगडही उरत नाही. पण रात्री दोनला तिसऱ्या अंकात बॅटरी संपली तर वडशाच्या पलीकडच्या गावात नऊ व्होल्टची बॅटरी कुठल्या दुकानात मिळते ते मला सांग. आणि जबर आउटपुटचा पिकअप क्लीन वाजवताना कायम थोडा फाटलेलाच येतो. मेटलची ताकद प्रोसेसरच्या गेनमधून घेता येते. क्लीनची सफाई मात्र कोणत्याच बटणातून येत नाही.

आउटपुटवरून आठवलं, पोरं मल्टिमीटर लावून 'माझा सोळा किलो-ओम, तुझा आठच' अशी बढाई मारतात. या आकड्याने ताकद कळत नाही. वेढ्यांची तार जितकी बारीक तितका रोध जास्त. ४२ नंबरच्या तारेचा आठ किलो-ओम आणि ४४ नंबरच्या बारीक तारेचा सोळा किलो-ओम यांची अशी थेट तुलनाच होत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपमध्ये आकडा पाहा, तिथे त्याला अर्थ आहे. आणखी एक गंमत: तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, एका अंशाला साधारण ०.४ टक्के. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंशांत साडेसात दाखवणारा पिकअप मे महिन्यात चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत ८.४ दाखवेल. उन्हाळ्यात पिकअप 'हॉट' झाला म्हणायचं, दुसरं काय!

पॉटचंही बघून घे. हमबकरला ५०० किलो-ओमचे पॉट, सिंगल कॉइलला २५० चे, हा रिवाज आहे. तुझ्यासारख्या मिश्र गिटारमध्ये कुठेतरी तडजोड असते. पॉटच्या पाठीवर आकडा लिहिलेला असतो. तिथे २५० दिसलं आणि तुझी तक्रार हमबकर दबका असल्याची असेल, तर ५०० चा पॉट लावून बघ. सिंगल कॉइल जरा झणझणीत होतील, टोन पॉट थोडा खाली घ्यायचा.

अगदी स्वस्तातले बिननावाचे पिकअप घेतोस तर एक धोका ध्यानात ठेव. कॉइलमध्ये मेण भरलेलं नसेल तर वेढे सैल राहतात आणि मॉनिटर जवळ असला की शिट्टी मारतात. तारा दाबून धरल्या तरी ही शिट्टी थांबत नाही, ही तिची खूण. असा पिकअप मेणात बुडवता येतो. चार वाटे पॅराफिन, एक वाटा मधमाश्यांचं मेण, साठ-पासष्ट अंश, बुडबुडे थांबेपर्यंत. मधाचं मेण आमच्याकडे आठवडी बाजारात मोहळवाल्याकडे मिळतं. पण भांडं थेट आचेवर ठेवू नको, पाण्याच्या पातेल्यात ठेव. मी पहिल्यांदा घाईत थेट गॅसवर ठेवलं, बायको ओरडत होती तिकडे लक्ष दिलं नाही, आणि एका गिऱ्हाइकाच्या हमबकरची प्लास्टिकची बॉबिन वाळलेल्या वांग्यासारखी वाकडी झाली. भरपाई केली. पातेलंही तिला नवीन आणून दिलं.

विकत घेताना मापं बघ. ब्रिजच्या हमबकरच्या खांबांमधलं पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर जुन्या पद्धतीत ४९-५० मिलिमीटर असतं, ट्रेमोलो ब्रिजच्या गिटारला साधारण ५२-५३ लागतं. तुझं अंतर ब्रिजवर पट्टी ठेवून मोज. वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी वायर आउटपुटची, लाल-पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओत लाल आउटपुटची, काळी-पांढरी जोडायच्या, हिरवी-उघडी अर्थला. एकीचा नकाशा दुसरीला लावलास की गोंधळ. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज नाकातून, पोट नसल्यासारखा आला तर एक उलटा जोडला गेला आहे असं समज. हातोडीसारखी जड कॉइया (सोल्डर करायचा तापता दांडा) वापरू नको, पंचवीस वॅटची पुरते, आणि पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घास, नाहीतर डाग धरत नाही.

तुझ्या पैशात मी काय करीन ते सांगतो. आधी तांब्याची पट्टी आणि एक बफरवाला ट्यूनर. मग नेक आणि मिडल, दोन अल्निको ५ सिंगल कॉइल, मधला उलट वेढ्यांचा. ब्रिजचा हमबकर आहे तोच राहू दे. पुढच्या वर्षी तो बदलशील तेव्हा मध्यम आउटपुटचा, अल्निको ५ चा, चार वायरींचा घे, म्हणजे पुश-पुल पॉटने (बटण वर खेचून) एक कॉइल बंद करता येईल. त्यावर मेटलही निभतं. मित्र नाक मुरडतील, मुरडू दे.

काम पोळ्याच्या आगेमागे कर, मंडईच्या तोंडावर काढू नको. तेव्हा माझ्याकडेही रांग असते. जुने पिकअप फेकू नको, डब्यात ठेव आणि डब्यावर कोणता कुठला ते लिही. आणि पिकगार्ड उघडल्याबरोबर, कॉइया तापवायच्या आधी, आतल्या वायरींचे मोबाइलवर चार फोटो काढ.